कारच्या ॲम्प्लिफायरमधला बिघडलेला ट्रान्झिस्टर शोधताना

कारच्या ॲम्प्लिफायरमध्ये ट्रान्झिस्टर दोन ठिकाणी जड काम करतात, आणि बिघाडही बहुधा याच दोन ठिकाणी होतो. पहिले ठिकाण वीजपुरवठ्याचे. इंजिन चालू असताना गाडीच्या बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट असतात. तेवढ्या दाबावर ४ ओहमच्या स्पीकरला, ब्रिज जोडणी करूनही, हिशेबाने फार तर २६ वॅट मिळतात. १०० वॅट हवे असतील तर अधिक ३० आणि उणे ३० व्होल्टच्या आसपासचा पुरवठा लागतो. म्हणून ॲम्प्लिफायरच्या आतच एक छोटे वीजघर असते. टीएल ४९४ किंवा त्याच्यासारखी आयसी सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणारा इशारा तयार करते. त्या इशाऱ्यावर मॉसफेट जातीच्या ट्रान्झिस्टरांचे दोन गट आळीपाळीने चालू-बंद होतात आणि बॅटरीचा प्रवाह कडीच्या आकाराच्या ट्रान्सफॉर्मरमधून खेळवतात. ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूला वाढलेला दाब वेगवान डायोड सरळ करतात आणि मोठे कपॅसिटर तो साठवतात.

दुसरे ठिकाण आवाजाचे. तिथे आउटपुट ट्रान्झिस्टरांच्या जोड्या हाच वाढलेला दाब गाण्याच्या लहरीप्रमाणे स्पीकरकडे सोडतात. नेहमीच्या एबी वर्गाच्या ॲम्प्लिफायरमध्ये हे बायपोलर असतात: टीआयपी ३५सी आणि टीआयपी ३६सी, किंवा २एससी ५२०० आणि २एसए १९४३ अशा एनपीएन-पीएनपी जोड्या. सबवूफरसाठीच्या डी वर्गाच्या ॲम्प्लिफायरमध्ये त्यांची जागाही मॉसफेट घेतात. पुरवठ्याच्या बाजूला आयआरएफझेड ४४एन आणि आयआरएफ ३२०५ हे क्रमांक नेहमी दिसतात. दोन्हींची दाब सोसण्याची मर्यादा ५५ व्होल्ट असते, पण पूर्ण चालू असताना पहिल्याचा अंतर्गत रोध १७.५ मिलीओहमपर्यंत असतो, तर दुसऱ्याचा ८ मिलीओहमपर्यंत.

ट्रान्झिस्टर मरतो तो बहुतेक वेळा उष्णतेने, आणि नागपुरात ही गोष्ट इतर शहरांहून जास्त गांभीर्याने घ्यावी लागते. टीआयपी ३५सीच्या माहितीपत्रकात १२५ वॅट हा आकडा ठळक छापलेला असतो, पण तो ट्रान्झिस्टरचे अंग २५ अंश सेल्सिअसवर असतानाचा आहे. त्यापुढे दर अंशाला १ वॅट वजा होतो. अंग ७५ अंशांवर गेले की क्षमता ७५ वॅटवर येते आणि १५० अंशांवर ती शून्य होते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नेहमीचे आहे. ऐन उन्हाळ्यातल्या नवतपाच्या दिवसांत उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा २० अंशांहूनही जास्त तापू शकते. हॅचबॅक गाडीत डिक्की आणि बसायची जागा यांची हवा एकच असते. अशा डिक्कीत, गालिच्यावर किंवा सीटच्या पाठीला खेटून बसवलेला ॲम्प्लिफायर पहिले गाणे लागण्याआधीच ६० अंशांच्या पुढे गेलेला असतो. हिवाळ्यात वर्षभराचा भरवसा देऊन बसवलेला ॲम्प्लिफायर लग्नसराईत दम तोडतो, त्यामागचे गणित हे आहे. प्रचाराच्या आणि जाहिरातीच्या ऑटोवर बसवलेल्या ॲम्प्लिफायरचे हाल याहून वाईट असतात, कारण तिथे धूळही असते आणि यंत्राला दिवसभर विश्रांती नसते.

उष्णता एकटी क्वचितच येते. २ ओहमपेक्षा कमी भार चालवू नये असे लिहिलेल्या वाहिनीवर ४ ओहमचे तीन स्पीकर समांतर जोडले की भार १.३३ ओहमवर उतरतो. दरवाज्याच्या बिजागरीपाशी घासून उघडी पडलेली स्पीकरची तार गाडीच्या पत्र्याला टेकते. रंगावरच घट्ट केलेली अर्थची तार जोडात नको असलेला रोध निर्माण करते. ट्रान्झिस्टरला हीटसिंकवर दाबून धरणारा स्क्रू खड्ड्यांच्या धक्क्यांनी सैल होतो आणि उष्णता जायची वाट बंद पडते. यातले कोणते कारण घडले ते कळल्याशिवाय नवा ट्रान्झिस्टर बसवणे म्हणजे त्यालाही त्याच वाटेने पाठवणे. दुरुस्तीच्या कामात सर्वाधिक पैसा आणि सर्वाधिक विश्वास इथेच वाया जातो.

ॲम्प्लिफायर उघडण्याआधी लक्षणे वाचावीत. सर्वांत बोलके लक्षण म्हणजे फ्यूज कोणत्या क्षणी उडतो. ॲम्प्लिफायरला पुरवठ्याच्या तीन तारा येतात: बॅटरीची धन तार, अर्थ आणि रिमोट. रिमोटच्या तारेवर व्होल्टेज आल्याखेरीज आतली आयसी जागी होत नाही. रिमोट जोडलेलाच नाही आणि नुसती धन तार लावताच फ्यूज उडतो, तर प्रवाहाला बॅटरीपासून अर्थपर्यंत थेट वाट मिळालेली आहे. ही वाट बहुधा पुरवठ्याच्या जळालेल्या मॉसफेटमधून जाते. कधी ती उलट जोडणीपासून संरक्षण देणाऱ्या डायोडमधून जाते. बॅटरी बदलताना कोणी तारा उलट लावल्या असतील तर हा डायोड स्वतः शॉर्ट होतो आणि बाकीचे सगळे वाचवतो. याउलट धन तार लावल्यावर काही होत नाही, पण रिमोट दिल्यावर फ्यूज उडतो किंवा पुरवठा सुरू होताच बसतो, तर मॉसफेट बहुधा शाबूत आहेत आणि शॉर्ट ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे आहे: डायोडमध्ये किंवा आउटपुट ट्रान्झिस्टरमध्ये.

प्रोटेक्टचा लाल दिवा लागला म्हणजे ॲम्प्लिफायर गेला असा अर्थ होत नाही. स्पीकरच्या सगळ्या तारा आणि आवाज आणणाऱ्या आरसीए तारा काढून पुन्हा चालू करावे. दिवा विझला तर दोष गाडीत आहे, यंत्रात नाही. केवळ ही दोन मिनिटांची तपासणी न केल्यामुळे कित्येक चांगले ॲम्प्लिफायर उघडले जातात, आणि उघडताना एखादा खरोखरच बिघडतो. दिवा तरीही लागलाच, तर आउटपुटवर सरळ दाब आलेला असण्याची शक्यता मोठी, आणि त्यामागे बहुतेक वेळा शॉर्ट झालेला आउटपुट ट्रान्झिस्टर असतो. एकच वाहिनी फाटक्या आवाजात वाजत असेल तर ट्रान्झिस्टर शॉर्ट नसून ओपन झालेला असू शकतो. लहरीची एक बाजूच मग स्पीकरपर्यंत पोहोचत नाही.

झाकण काढल्यावर आधी कपॅसिटर रिकामे करावेत. पुरवठा बंद केल्यावरही त्यांच्यात ३०-४० व्होल्ट बराच वेळ राहू शकतात. ते स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय वाईट आहे, कारण ठिणगीने छापील पट्टी उखडते आणि कपॅसिटरही दुखावतो. १०० ओहम, ५ वॅटचा एक रोधक दोन पायांवर काही सेकंद धरला की काम होते. मग बॅटरीचा विचार करावा. गाडीची बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर ओतू शकते, म्हणून दुरुस्तीच्या टेबलावर ॲम्प्लिफायर थेट बॅटरीवर लावू नये. प्रवाहाची मर्यादा ठरवता येणारा पुरवठा नसेल, तर धन तारेत हेडलाइटचा १२ व्होल्ट, ५५ वॅटचा बल्ब मालिकेत जोडावा. आत शॉर्ट असला तरी बल्ब सुमारे साडेचार अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाऊ देत नाही. बल्ब क्षणभर चमकून मंदावला तर कपॅसिटर भरले गेले एवढाच अर्थ. तो पूर्ण तेजाने जळत राहिला तर शॉर्ट अजून कायम आहे.

डोळ्यांनी होणारी तपासणी लवकर आटोपते, पण ती टाळू नये. फुटलेले अंग, काळवंडलेला रोधक, पायांभोवती गोल तडा गेलेला सोल्डर, फुगलेला कपॅसिटर आणि जळका वास या खुणा कुठे बघायचे ते सांगतात. मात्र शॉर्ट झालेले बहुसंख्य ट्रान्झिस्टर वरून अगदी नवे दिसतात. खरा शोध मीटरनेच लागतो.

आणि मीटरवर विसंबण्याआधी मीटर तपासावा. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने तब्बल ५६ अंश तापमान दाखवले होते. त्याच दिवशी इतर काही केंद्रांचे आकडे त्याहून खूपच खाली होते, आणि तो संवेदकाचा दोष असल्याचे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले. शेजारचे आकडे होते म्हणूनच तो आकडा चुकीचा ठरवता आला. मीटरच्या बाबतीतही तसेच वागावे. ओहमच्या सर्वांत खालच्या पल्ल्यावर दोन्ही टोके एकमेकांना टेकवून बघावी. साध्या मीटरवर ०.२ ते ०.४ ओहम दिसतात. हा तारांचा स्वतःचा रोध, आणि पुढच्या प्रत्येक वाचनातून तो वजा करायचा. मीटरची बॅटरी उतरलेली असेल तर डायोडच्या पल्ल्यावरचे आकडे विश्वासाचे राहत नाहीत. एक चांगला ट्रान्झिस्टर हाताशी ठेवून त्याचे वाचन आधी घेणे हा उत्तम उपाय आहे.

डायोडच्या पल्ल्यावर मीटर लाल टोकातून साधारण १ मिलीअँपिअरचा प्रवाह सोडतो आणि पडलेला दाब दाखवतो. सर्किटच्या बाहेर काढलेला चांगला एनपीएन ट्रान्झिस्टर घेतला, तर लाल टोक बेसवर आणि काळे कलेक्टरवर ठेवल्यावर ०.५ ते ०.७ व्होल्ट दिसतात. काळे एमिटरवर नेले की आकडा थोडासाच वाढतो. या दोन वाचनांखेरीज बाकीच्या चारही जोडण्यांवर पडद्यावर ओपनची खूण राहिली पाहिजे. पीएनपीमध्ये टोकांची अदलाबदल करायची. कलेक्टर आणि एमिटरमध्ये दोन्ही दिशांनी शून्याच्या आसपास आकडा आला आणि बीप वाजला तर ट्रान्झिस्टर गेला. आउटपुटवरचे ट्रान्झिस्टर बहुधा असेच जातात. बेसपासून दोन्हीकडे ओपन आले तर आतली तार तुटली आहे. जर्मेनियमच्या काळातल्या पुस्तकांत ०.२ ते ०.३ हे आकडे दिलेले असतात. आजच्या सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरवर तसे वाचन आले तर ते संशयास्पद समजावे. टीआयपी १४२ किंवा टीआयपी १४७ यांसारख्या डार्लिंग्टनमध्ये एका अंगात दोन ट्रान्झिस्टर, दोन रोधक आणि एक डायोड असतात. त्यांचे आकडे या हिशेबात बसत नाहीत, म्हणून त्याच क्रमांकाच्या नव्या नगाशी तुलना करावी.

मॉसफेटची चाचणी वेगळी. आयआरएफझेड ४४एनवरचा मजकूर समोर धरला की डावीकडून गेट, ड्रेन आणि सोर्स असे पाय येतात, आणि पाठीमागचा पत्रा ड्रेनला जोडलेला असतो. लाल सोर्सवर आणि काळे ड्रेनवर ठेवले की आतल्या डायोडचे ०.४ ते ०.६ व्होल्ट दिसावेत. टोके उलटवल्यावर ओपन दिसावे. गेटपासून इतर दोन पायांकडे दोन्ही दिशांनी काहीही दिसता कामा नये. गेट आणि सोर्स यांच्यात काही ओहमचेच काय, काही किलोओहमचेही वाचन आले तरी तो मॉसफेट वापरू नये. गेटखालचा ऑक्साइडचा थर इतका पातळ असतो की २० व्होल्टच्या पुढचा दाब तो फोडू शकतो. बोटांतली स्थिर वीजही त्याला पुरते, विशेषतः विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात.

यापुढची पायरी मॉसफेट चालू होतो का हे बघण्याची. काळे टोक सोर्सवर ठेवून लाल टोक क्षणभर गेटला लावावे, मग गेटला हात न लावता लाल ड्रेनवर न्यावे. गेटवर साठलेल्या विद्युतभारामुळे चांगला मॉसफेट आता दोन्ही दिशांनी वहन दाखवतो. गेट आणि सोर्स एकत्र टेकवले की तो पुन्हा बंद होतो. इथे एक फसगत ठरलेली. या मॉसफेटना चालू व्हायला २ ते ४ व्होल्ट लागतात, आणि काही स्वस्त मीटर डायोडच्या पल्ल्यावर तेवढे देतच नाहीत. त्यामुळे चांगला मॉसफेटही मेलेला वाटतो. अशा वेळी ९ व्होल्टच्या छोट्या बॅटरीने गेटला विद्युतभार द्यावा आणि मग मोजावे.

इथपर्यंतची चाचणी आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक अभ्यासक्रमात कोणीही शिकतो. खरी अडचण ट्रान्झिस्टर बोर्डावर असतानाची आहे. पुरवठ्याच्या बाजूला मॉसफेटचे दोन गट असतात, प्रत्येकात दोन, तीन किंवा अधिक नग. एका गटातल्या सर्वांचे ड्रेन एकत्र जोडलेले असतात आणि सोर्स अर्थला. शिवाय दोन्ही गटांचे ड्रेन ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेढ्याच्या दोन टोकांना जातात, आणि सरळ प्रवाहाच्या दृष्टीने जाड तारेचे ते चार-पाच वेढे म्हणजे शून्य रोधच. म्हणून सहापैकी एक मॉसफेट शॉर्ट झाला, तरी मीटर सहाही जागी ड्रेन आणि सोर्समध्ये शॉर्ट दाखवतो. एकाच हौदावरच्या नळांपैकी एक गळू लागला तर पातळी सगळ्यांसाठी उतरते, आणि पातळी पाहून गळका नळ कळत नाही. घाईत सहाही नग काढून फेकले जातात, किंवा त्याहून वाईट म्हणजे ज्यावर पहिल्यांदा टोक ठेवले तोच दोषी ठरतो.

ओळख गेटवरून पटते. गट एकत्र चालत असला तरी प्रत्येक मॉसफेटच्या गेटला सहसा स्वतःचा लहान रोधक असतो, साधारण १० ते १०० ओहमचा. शॉर्ट झालेल्या मॉसफेटचे गेटही बहुधा फुटलेले असते. प्रत्येकाच्या पायावर थेट गेट-सोर्स मोजले तर एकावर शून्याजवळचा आकडा येतो, आणि बाकीच्यांवर मधल्या रोधकांमुळे त्याहून मोठा. तोच नग काढायचा. तो काढल्यावर उरलेल्यांवरचा ड्रेन-सोर्सचा शॉर्ट नाहीसा झाला तर शोध बरोबर होता. नाही झाला तर आणखी एक आहे. गेटचा रोधकही इथेच मोजून घ्यावा, कारण मॉसफेट फुटताना बॅटरीचा दाब उलटा गेटकडे येतो आणि रोधकाला ओपन करतो.

आउटपुटच्या बाजूला हेच कोडे वेगळ्या रूपात येते, आणि तिथे रचनाच मदतीला असते. समांतर ट्रान्झिस्टरांचे कलेक्टर एका पुरवठ्याला जोडलेले असतात, पण प्रत्येकाच्या एमिटरमध्ये ०.२२ किंवा ०.३३ ओहमचा, बहुधा पांढऱ्या सिमेंटी अंगाचा रोधक असतो. तीनपैकी एक शॉर्ट असला तर कलेक्टर-एमिटर मोजताना त्याच्यावर तारांचा रोध वजा जाता ०.० ओहम येतो. बाकीच्या दोघांवर मात्र दोन एमिटर रोधकांची भर पडते आणि आकडा ०.४४ किंवा ०.६६च्या आसपास जातो. एक दशांश ओहमपर्यंतच दाखवणाऱ्या मीटरवर हा फरक डळमळीत वाटू शकतो. मग प्रवाहाची मर्यादा १ अँपिअरवर ठेवलेला बाहेरचा पुरवठा, दाब एक-दोन व्होल्टपेक्षा जास्त न ठेवता, कलेक्टर आणि स्पीकरच्या टोकामध्ये द्यावा. धन बाजूच्या एनपीएन गटाला धन टोक कलेक्टरकडे. शॉर्ट एकच असेल तर सगळा प्रवाह त्या मेलेल्या ट्रान्झिस्टरमधून आणि त्याच्याच एमिटर रोधकातून जातो. त्या रोधकावर ०.२२ किंवा ०.३३ व्होल्ट दिसतात आणि उरलेल्यांवर शून्य. एकही पाय न काढता दोषी सापडतो. एवढी स्वच्छ पद्धत असताना सगळा गट उपटून बोर्डाच्या पट्ट्या खराब करण्याचे कारण उरत नाही.

या बाजूची मापे घेताना काळे टोक कुठे ठेवायचे हेही महत्त्वाचे आहे. अनेक ॲम्प्लिफायरमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचा अर्थ गाडीच्या अर्थपासून एका रोधकाने वेगळा ठेवलेला असतो, म्हणजे इंजिनची घरघर आवाजात येत नाही. म्हणून पुरवठ्याचे मॉसफेट बॅटरीच्या ऋण टोकाच्या संदर्भात तपासावेत, आणि आउटपुटची बाजू ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकाच्या किंवा आरसीएच्या बाहेरच्या कडीच्या संदर्भात. शॉर्ट दोनपैकी कोणत्या अर्ध्यात आहे हेच कळत नसेल तर पुरवठ्याचे डायोड काढून ठेवावेत. आता पुरवठा शांतपणे चालला तर दोष आवाजाच्या बाजूला किंवा त्या डायोडांतच आहे.

मीटरच्या चाचणीला मर्यादा आहेत. मीटर ट्रान्झिस्टरला दोन-तीन व्होल्टच दाखवतो, पण यंत्रात त्याला साठ-सत्तर व्होल्ट सोसावे लागतात. थंड असताना सर्व वाचने बरोबर येणारा ट्रान्झिस्टर पूर्ण दाबावर किंवा तापल्यावर गळू लागतो. मीटरवरच्या एचएफईच्या खोबणीत मिळणारा आकडाही अगदी लहान प्रवाहावरचा असतो, त्यावरून १० अँपिअरवर तो कसा वागेल हे ठरत नाही. बाजारात मिळणारे छोटे कंपोनंट टेस्टर पाय कोणता ते झटकन सांगतात, पण ही मर्यादा त्यांनाही आहे. वीस मिनिटे नीट वाजून मग बिघडणाऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये संशयित ट्रान्झिस्टरला हलक्या गरम हवेने तापवून किंवा थंड फवाऱ्याने गार करून दोष येतो-जातो का ते पाहावे.

शॉर्ट झालेला ट्रान्झिस्टर शेजाऱ्यांनाही दुखवून जातो. आउटपुट गेला असेल तर त्याचा एमिटर रोधक, बेसचा रोधक आणि त्याला चालवणारा टीआयपी ४१सी किंवा टीआयपी ४२सीसारखा ड्रायव्हर तपासावाच. हीटसिंकवर चिकटवलेला बायसचा छोटा ट्रान्झिस्टरही विसरू नये. उष्णता वाढेल तसा आउटपुटचा शांत प्रवाह आवरण्याचे काम त्याचे असते, आणि तो निसटला की नवे ट्रान्झिस्टरही काही मिनिटांत पेटतात. डी वर्गात मॉसफेटबरोबर त्यांना चालवणारी आयसीही अनेकदा जाते. पुरवठ्याच्या बाजूला सर्व मॉसफेट काढलेले असतानाच आयसी जागी करून दोन्ही गटांच्या गेटकडे येणारा इशारा बघून घ्यावा. ऑसिलोस्कोप असेल तर चौकोनी लहरी स्वच्छ दिसतात. नसेल तर मीटरवर सरळ दाबाचे सरासरी वाचन दोन्ही गटांवर जवळपास सारखे यावे. एका गटावर शून्य किंवा जवळपास पूर्ण बॅटरीचा दाब असेल, तर तिथे नवा मॉसफेट बसवताक्षणी जाईल.

नवे नग घेताना क्रमांक जुळणे पुरेसे नाही. समांतर गटातले सर्व मॉसफेट एकाच कंपनीचे आणि शक्यतो एकाच खेपेतले असावेत, नाहीतर जो आधी चालू होतो तो सगळ्यांचा भार उचलतो. नागपुरात सुट्या भागांसाठी सीताबर्डीच्या बाजाराची फेरी ठरलेली असते. कोणत्याही बाजारात २एससी ५२०० आणि २एसए १९४३ यांचे नकली नग फिरतात, हे खरेदी करताना लक्षात ठेवावे. अस्सल नगात १५० वॅट सोसणारा मोठा सिलिकॉनचा तुकडा असतो, नकलीत बऱ्याचदा त्याच्या काही अंशाचा. मीटरवर दोघेही सारखेच पास होतात, आणि भार आला की फरक कळतो. अवास्तव स्वस्त भाव ही पहिली खूण आहे, पुसट किंवा खरवडता येणारा मजकूर ही दुसरी. ओळखीच्या आणि परत घेणाऱ्या दुकानदाराकडून थोडे जास्त पैसे देऊन घेतलेला नग शेवटी स्वस्त पडतो.

बसवताना मायकाची किंवा सिलिकॉनची चकती नवी घालावी. मायका असेल तर दोन्ही बाजूंना थर्मल पेस्टचा पातळ थर द्यावा. जाड थर उष्णता अडवतो. स्क्रू घट्ट केल्यावर, पाय सोल्डर करण्याआधीच, ट्रान्झिस्टरचा पत्रा आणि हीटसिंक यांच्यात मीटर लावावा. बीप वाजला तर चकती फाटली आहे, आणि हा दोष सापडण्याची हीच सोपी वेळ आहे.

पहिल्यांदा चालू करताना स्पीकर जोडू नये आणि मालिकेतला बल्ब राहू द्यावा. बल्ब चमकून मंदावला, दोन्ही पुरवठे एकमेकांइतके आले, की स्पीकरच्या टोकांवर सरळ दाब मोजावा. दोन आकडी मिलिव्होल्टपर्यंत तो ठीक. व्होल्टमध्ये आला तर स्पीकर जोडू नये. मग एका एमिटर रोधकावरचे मिलिव्होल्ट पाहावेत. ०.२२ ओहमवर ५ ते १० मिलिव्होल्ट म्हणजे साधारण २३ ते ४५ मिलीअँपिअरचा शांत प्रवाह. बहुतेक एबी वर्गाच्या यंत्रांत तो एवढ्याच आसपास असतो, आणि हीटसिंक तापत जाईल तसा तो वाढतच राहिला तर थांबावे. बल्ब काढून योग्य फ्यूज लावण्याची वेळ यानंतरच येते, आणि तीही कमी अँपिअरच्या फ्यूजपासून सुरुवात करून. शेवटी ४ ओहमच्या भारावर तासभर, हीटसिंकला हात लावून बघत, मध्यम आवाजात चालवावे. उन्हाळ्यात हे काम कूलरसमोर करू नये. गाडीच्या डिक्कीत त्याला तो वारा मिळणार नाही, म्हणून तपासणीही दुपारच्या उष्णतेतच झाली पाहिजे. ॲम्प्लिफायर गाडीत परत बसवण्याआधी गाडीच्या स्पीकरच्या प्रत्येक तारेचा पत्र्याशी आणि एकमेकींशी संबंध मोजावा, अर्थच्या जागेचा रंग खरवडून नट घट्ट करावा, आणि यंत्राच्या चारही बाजूंना हवा खेळेल एवढी मोकळी जागा ठेवावी.